काटेझुडपाचे राज्य

(शब्बाथ शाळेच्या मोठ्या वर्गासाठी एक पाठ)

शास्त्रवाचन : शास्ते ९:७-१५, २ राजे ४:३८-४१, मत्तय ७:१५-२०, मत्तय १२:४३-४५

गेल्या नाताळच्या सुटीत शब्बाथ शाळेच्या मोठ्या वर्गातील सहा मुलामुलींना घेऊन मी दिग्गीला गेलो होतो. दिग्गी हे उत्तर कन्नड जिल्ह्यात, म्हणजे आपल्या जुन्या लोकांच्या तोंडी असलेल्या कारवार जिल्ह्यात, जोयडा तालुक्यातील एक आडबाजूचे गाव. गोव्याची सीमा जवळच. काळी नदीचा उगम ह्याच मुलखात होतो. बेळगावहून खानापूर, रामनगर करीत आम्ही निघालो आणि शेवटचा टप्पा खडखडत पार करून दुपारी पोहोचलो. मंडळीतील एका बंधूंच्या जुन्या ओळखीच्या कुणबी कुटुंबात आमची उतरण्याची सोय झाली होती. कौलारू घर, पुढे शेणाने सारवलेले अंगण, मागे परसू. परसात केळी, सुपारी, एक फणस, अळूचे वाफे आणि वेलांखाली जमिनीत वाढणारे कंद.

परसाच्या कडेला, वाटेच्या दोन्ही अंगांनी, पुरुषभर उंचीची झुडपे फुलली होती. पांढुरक्या, किंचित जांभळट फुलांचे झुबकेच्या झुबके. आमच्या वर्गातील एक मुलगी हरखून म्हणाली, "मास्तर, किती छान फुलं आहेत! मुळासकट दोन रोपं घेऊन जाऊ या का? चर्चच्या आवारात लावू."

घरातल्या आजी ओसरीवर सुपारी सोलीत बसल्या होत्या. त्या आपल्या कोंकणीत म्हणाल्या की ही लावायची नसते, ही आपणच येते, आणि एकदा आली की दुसऱ्या कोणाला बसू देत नाही. त्यांच्या लहानपणी ही एवढी नव्हती.

ती रानमोडी होती. कोकणात, कोल्हापूर-बेळगावकडे तिला हेच नाव आहे, आणि नाव ठेवणाऱ्याने अचूक ठेवले आहे. मूळ देश मध्य व दक्षिण अमेरिका. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ती कलकत्त्याच्या सरकारी बागेत आली आणि तेथून निसटली. एका झुडपाला हजारो बिया धरतात. प्रत्येक बीला केसांचा बारीक तुरा असतो, त्यामुळे फाल्गुन-चैत्राच्या वाऱ्यावर ती कोठेही जाऊन पडते. गुरे तिला तोंड लावीत नाहीत. तोडली तर बुंध्यापासून पुन्हा फुटते.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. पुष्कळ वर्षे मी ह्या विषयावर वर्गात एक ठराविक पाठ देत आलो आहे. मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला निदणाचा दृष्टांत घ्यायचा, मग फळ्यावर रानमोडी, घाणेरी, गाजर गवत ही नावे लिहायची, आणि सांगायचे की हे परदेशी तण आपल्या भूमीत शिरले तसे पाप आपल्या अंतःकरणात शिरते. पाठ सोपा, मुलांना चटकन समजणारा. दिग्गीलाही रात्री कंदिलाभोवती बसून मी तोच पाठ सुरू केला. अर्ध्यावर आलो तेव्हा एका मुलाने विचारले, "मास्तर, म्हणजे जे बाहेरून येतं ते वाईटच असतं का?"

मी म्हणालो, "का रे, असं का विचारतोस?"

तो थोडा घुटमळला. मग म्हणाला, "शाळेत एक जण मला म्हणाला, तुमचा धर्म बाहेरचा. गाजर गवतासारखा."

मुले माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मला त्या रात्री नीट उत्तर देता आले नाही. पाठ तेथेच थांबवून मी प्रार्थना घेतली. झोप मात्र लवकर आली नाही. ज्या दाखल्याने मी पाप समजावून सांगत होतो, तोच दाखला कोणीतरी ह्या पोराच्या अंगावर फेकला होता, आणि मी नकळत त्याच्या हाती दुसरा दगड देत होतो. शिक्षक बंधुभगिनींनो, आपणही हा पाठ अशाच रीतीने घेत असाल तर पुढचे जरा सावकाश वाचा.

सकाळी आजींनी न्याहारीला उकडलेली रताळी आणि लाल मिरचीची चटणी दिली. मी मुलांना विचारले, "ह्यातलं आपलं काय आणि बाहेरचं काय?" सगळे आपलेच, असे उत्तर आले. खरे पाहता रताळे अमेरिकेचे, मिरचीही अमेरिकेची. बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग, पेरू, पपई, अननस, सीताफळ, काजू ही सर्व त्याच खंडातून निघालेली. त्यांतील कित्येक पोर्तुगिजांच्या गलबतांतून आली, आणि गोवा तर दिग्गीहून डोंगर उतरला की लागतो. काजूशिवाय गोवा आणि मिरचीशिवाय कोल्हापूर आज कोणी डोळ्यांपुढे आणू शकेल काय? जोयडा तालुक्यातील कुणबी लोक कंदांच्या अनेक जाती पिढ्यान्‌पिढ्या राखून आहेत आणि जोयड्याला कंदमुळांचा मेळाही भरतो. तेथे इथले मूळचे सुरण आणि करांदे असतात, तशी अमेरिकेची रताळीही असतात. कोणी कोणाला उपरा म्हणत नाही.

उलट बाजूही मुलांना सांगावी. आपले मुंगूस १८७२ साली कलकत्त्याहून जमेका बेटावर नेले. उसाच्या मळ्यांत उंदीर फार झाले होते, ते मारण्यासाठी. नेली होती फक्त नऊ. त्यांच्या वंशाने उंदरांबरोबर तेथील पक्षी, सरडे, साप ह्यांचाही फडशा पाडला. आपली साळुंकी १८६२ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला किडे खाण्यासाठी म्हणून सोडली. आज तेथील लोक तिला हाकलण्याच्या मागे आहेत, कारण ती झाडांच्या ढोलीतून तिथल्या पाखरांना बाहेर काढते. आपल्या अंगणात जी साळुंकी सुखाने नांदते ती तेथे उपद्रवी ठरली. तेव्हा दोष जातीत किंवा जन्मभूमीत नाही. जीव जेथे उपजला तेथे त्याला खाणारे, त्याला आवरणारे दुसरे जीव असतात. आपण त्याला एकटा उचलून परक्या ठिकाणी सोडतो आणि त्याचे आवरणारे मागेच राहतात.

ह्याचा पडताळा आपल्याकडेच मिळतो. दख्खनच्या माळावर एके काळी फड्या निवडुंगाने गावेच्या गावे वेढली होती. जुन्या लोकांनी ते पाहिले आहे. तो निवडुंगही अमेरिकेचा. १९२६ च्या सुमारास सिलोनहून एक पांढरट कापसासारखा दिसणारा किडा दक्षिण भारतात आणला गेला. हा किडाही मूळचा अमेरिकेचाच. थोड्या वर्षांत त्याने निवडुंगाचा बराच भाग कुजवून टाकला. गाजर गवताचेही तसेच. हे गवत १९५५-५६ मध्ये पुण्यात प्रथम लक्षात आले. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असावे असा समज आहे. त्यावर १९८४ मध्ये मेक्सिकोचा एक भुंगेरा बंगळूरकडे सोडला. पावसाळ्यात गाजर गवताचे एखादे झुडूप वर्गाला नीट तपासायला सांगा. पिवळसर पांढऱ्या पाठीवर काळपट वाकड्या रेघा असलेला लहानसा भुंगेरा पाने खाताना दिसला तर तोच तो. (गाजर गवत उघड्या हातांनी धरू देऊ नका, कित्येकांच्या अंगाला त्याने खाज सुटते.) बाहेरून आलेल्याला बाहेरून आलेल्यानेच आवरले. प्रभूने मत्तयाच्या सातव्या अध्यायात झाडाची जी परीक्षा सांगितली ती फळाची आहे. झाड कोणत्या गावचे हे त्याने विचारलेले नाही. आणि लेवीय २५:२३ तर ह्याहून पुढे जाते. तेथे देव आपल्या निवडलेल्या लोकांनाच बजावतो की जमिनीचा मालक तो आहे, आणि तिच्यावर ते सारे उपऱ्यासारखे राहत आहेत. त्या मुलाला मी हे वचन उघडून दिले. त्याने ते दोनदा वाचले.

परंतु रानमोडी रान मोडते हे तर खरेच. मग तिचे काय?

त्यासाठी मी निदणाचा दृष्टांत बाजूला ठेवला. त्या दृष्टांतातील शेत म्हणजे जग, असा अर्थ प्रभूने स्वतःच सांगितला आहे, आणि तेथे कापणीपर्यंत थांबायला सांगितले आहे. रानमोडीच्या बाबतीत कापणीपर्यंत थांबलात तर कापायला दुसरे काही उरायचे नाही! शिवाय तेथे शत्रूने रात्री येऊन पेरले. आपल्या रानात तसे झाले नाही. घाणेरी, जिला कोठे कोठे टणटणी म्हणतात, ती १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या कंपनी सरकारच्या बागेत शोभेसाठी लावली. लावणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते. रंगीबेरंगी फुलांचे कुंपण त्याला हवे होते. त्याच काळात कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला डॉ. विल्यम केरी ह्यांची बाग होती. ज्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले तेच हे केरी. झाडांचे त्यांना फार वेड. विलायतेहून आलेल्या बियांची पिशवी रिकामी झाल्यावर तिच्यातली माती त्यांनी बागेत झटकली, आणि तीतून डेझीचे एक रोप उगवले. ते पाहून त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला. ही बाग पुढे १८२३ च्या पुरात वाहून गेली. त्यांच्या डेझीने हिंदुस्थानचे काही बिघडवले नाही. शेजारच्या बागेतल्या घाणेरीने मात्र बिघडवले. दोन्ही ठिकाणी हेतू एकच होता. कलकत्त्यालाच १८४७ साली एका शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून आणलेल्या दोन मोठ्या आफ्रिकी गोगलगाई बागेत सोडल्या. त्या जातीच्या गोगलगाईंनी २०२२ च्या पावसाळ्यात लातूर-बीडकडे सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात खाल्ली.

मीही ह्यातून सुटलेलो नाही. आमच्या उपासनामंदिराच्या आवाराला घाणेरीचे कुंपण आहे, ते पंचवीस वर्षांपूर्वी मीच फांद्या आणून लावले होते. गुरे आत येत नाहीत, फुले बारमाही, पाणी घालावे लागत नाही. पाळकसाहेबांनी तेव्हा माझे कौतुक केले होते. बुलबुल तिची काळी फळे खातात आणि बी चहूकडे टाकतात, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. २ राजे ४ मध्ये अलीशाच्या शिष्यांपैकी एक जण रानात भाजीला गेला आणि ओळखीची नसलेली वेल पाहून ओटीभर फळे घेऊन आला. त्याने ती चिरून भांड्यात टाकली. वैर म्हणून नव्हे. दुष्काळ होता आणि जेवणारे पुष्कळ होते. पवित्र शास्त्र त्याच्याविषयी एवढेच नोंदवते की त्या फळांची कोणाला ओळख नव्हती. दिग्गीच्या आजींना मात्र रानातला कोणता कंद तसाच उकडून चालतो आणि कोणता आधी राखेच्या पाण्यात कडूपणा घालवून घ्यावा लागतो, हे डोळे मिटून सांगता येते. आमच्या वर्गातल्या सहांपैकी एकालाही अळू आणि सुरण पानावरून ओळखता आले नाही. शिक्षकालाही क्षणभर विचार करावा लागला.

आता मूळ पाठाकडे येतो. शास्त्यांच्या नवव्या अध्यायात योथाम गरिज्जीम डोंगरावर उभा राहून शखेमच्या लोकांना गोष्ट सांगतो. झाडांना राजा हवा होता. जैतुनाने नकार दिला, अंजिराने दिला, द्राक्षवेलीने दिला. शेवटी काटेझुडपाला बोलावले आणि ते तत्काळ तयार झाले. माझ्या सावलीत या, म्हणाले. नाही आलात तर माझ्यातून अग्नी निघून लबानोनचे गंधसरू खाऊन टाकील. वर्गाला विचारा : काटेझुडूप चालून आले होते काय? नाही. सिंहासन रिकामे होते आणि झाडांनीच त्याला बसवले.

हे मुलांनी डोळ्यांनी पाहावे म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांना वाटेपासून सरळ रानात नेले. प्रत्येक वीस पावलांवर थांबायचे आणि आजूबाजूची रानमोडीची झुडपे मोजायची. वाटेवर ती मोजण्यापलीकडे होती. वीस पावलांवर बारा, चाळीस पावलांवर तीन. साठ पावलांवर वर मोठ्या झाडांचे छत लागले, खाली ओला पाचोळा, आणि तेथे एकही नव्हती. ज्या मुलीला ती फुले चर्चमध्ये न्यायची होती तिनेच आधी सांगितले, "मास्तर, हिला सावली सोसत नाही."

हीच ह्या पाठाची किल्ली आहे. दाट रानात रानमोडीला प्रवेश नाही. आपण रान उघडतो तेथे ती बसते. ह्या तालुक्यात आपण किती ठिकाणी उघडले? सागासाठी जुनी झाडे तोडली. मँगनीजसाठी डोंगर खणले. काळीवर सुप्याचे धरण १९८७ मध्ये पुरे झाले, त्यात खुद्द सुपा गाव पाण्याखाली गेले, आणि ज्या तालुक्याला त्याचे नाव होते तो जोयड्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. विस्थापितांपैकी पुष्कळ जण रामनगरला आले. विजेच्या तारांसाठी रानातून रुंद पट्टे साफ करावे लागले. माझ्या खोलीतला दिवा त्याच विजेवर लागत असेल, म्हणून मी धरणाला नुसते नावे ठेवणार नाही. मात्र उघड्या पडलेल्या जमिनीवर पहिली कोण येते हे पाहिले पाहिजे. नंतर ती झाकण्यासाठी कित्येक ठिकाणी ऑस्ट्रेलियाच्या आकेशियाची लागवड झाली. झटपट हिरवे दिसते. पण त्याखाली सुक्या पानांचा थर पडतो आणि कुणब्यांच्या गुरांना चरायला काही मिळत नाही.

आणि योथामाने सांगितलेला तो अग्नी! रानमोडी उन्हाळ्यात वाळते. तिच्या वाळलेल्या काड्या चटकन पेटतात, आणि एरवी जमिनीवरून सरपटत जाणारा वणवा त्या काड्यांवरून मोठ्या झाडांपर्यंत चढतो. झाडांची कोवळी रोपे जळून जातात. रानमोडीचे मूळ शाबूत राहते आणि पहिल्या पावसाला तीच सर्वांच्या आधी फुटते. योथामाच्या गोष्टीतल्या काटेझुडपाचे पुढे काय होते हे सांगितलेले नाही. अबीमलेखाने मात्र खरोखरच फांद्या तोडून शखेमच्या गढीला आग लावली आणि हजार माणसे मेली, हे त्याच अध्यायात पुढे आहे.

हे एकट्या जोयड्याचे दुखणे नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातील वाघांच्या प्रदेशात शेकडा ४० हून अधिक क्षेत्रावर घाणेरी पसरली आहे. जेथे घाणेरी तेथे गवत नाही, गवत नाही तेथे हरणे कमी, आणि मग वाघ गावाकडे वळतो. जोयडा तालुक्यात काळी व्याघ्रप्रकल्प आहे, तेव्हा हा हिशेब येथील माणसांच्या गोठ्यापर्यंत येतो. २०२३ साली जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून एक अहवाल दिला. माणसाने इकडून तिकडे नेलेल्या ३७,००० हून अधिक जातींची त्यांनी नोंद केली. त्यांपैकी ३,५०० च्या वर जाती उपद्रवी ठरल्या आहेत. म्हणजे दहात एक. बाकीच्या नऊ मिरचीसारख्या किंवा केरींच्या डेझीसारख्या.

परतण्याच्या आदल्या दिवशी एका मुलाचे बोट कोयत्याने कापले. आजींनी पटकन वाटेवरचा रानमोडीचा पाला ओरबाडला, तळहातावर चोळून त्याचा रस जखमेवर पिळला आणि वर चोथा दाबून धरला. रक्त थांबले. मुले माझ्याकडे पाहून हसू लागली. मी तरी काय सांगणार? फळावरून परीक्षा करायची तर हेही फळ धरावे लागेल. मलै महादेश्वराच्या डोंगरात घाणेरीच्या काठ्यांपासून खुर्च्या आणि टोपल्या करून सोळिगा लोक चार पैसे मिळवतात, हे मी त्यांना तेव्हा सांगितले.

ज्या मंडळ्यांच्या आवारात ही झुडपे आहेत त्यांच्यासाठी थोडे कामाचे. रानमोडी उपटायची ती आषाढ-श्रावणात, जमीन मऊ असताना, मुळासकट, आणि फूल धरण्याच्या पुष्कळ आधी. फुलल्यावर उपटली तर बी आपणच पसरवतो. घाणेरी नुसती छाटून काही होत नाही; बुंधा जमिनीखाली कुदळीने तोडून मूळ उलटे करून ठेवावे लागते. तिचा पाला गुरांच्या तोंडी लागू देऊ नये, विषारी असतो. आणि उपटलेली जागा रिकामी सोडू नये. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात झाडून लोटून सजवलेले पण रिकामे ठेवलेले घर आहे, आणि त्यात पहिला आत्मा स्वतःहून दुष्ट असे आणखी सात घेऊन परत येतो. घाणेरी काढून आवार स्वच्छ करायचे, फोटो काढायचा आणि घरी जायचे, असे श्रमदान आपल्या पुष्कळ तरुण संघांनी केले आहे. पुढच्या पावसात त्याच जागी रानमोडी, घाणेरी आणि गाजर गवत तिन्ही हजर! करवंद, निर्गुडी, अडुळसा ही कुंपणाला चांगली. गुरे निर्गुडी-अडुळशाला तोंड लावीत नाहीत आणि करवंदाच्या काट्यांतून आत येत नाहीत.

पाठ घेताना मुलांना आपापल्या परसातील दहा झाडे लिहून आणायला सांगावे आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी विचाराव्या : हे कोठून आले, ते कोणी लावले, आणि त्याच्या शेजारी दुसरे काही वाढते का? तिसऱ्या प्रश्नावर अधिक वेळ द्यावा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचदा शिक्षकालाही शोधावे लागेल. कोणी झाडावरून माणसांकडे वळले, तर त्याला गप्प करू नये. आमच्या वर्गात ते झाले, आणि त्या मुलाने शाळेतल्या आपल्या सोबत्याला काय उत्तर द्यायचे हे वर्गानेच मिळून ठरवले. "तू मिरची खातोस ना?" एवढेच.

आमचे कुंपण आम्ही जूनमध्ये काढायला घेतले. पंचवीस वर्षांचे बुंधे, एकेकाला दोन-दोन तास लागले. माझ्या हातांना फोड आले आणि अर्धेच कुंपण निघाले. काढलेल्या अर्ध्यात करवंदाची आणि अडुळशाची रोपे लावली आहेत. गुरांसाठी तात्पुरती काट्यांची वई घातली आहे. दर सोमवारी शाळेतून येताना तोच मुलगा आवारात डोकावतो आणि घाणेरीचे नवे कोंब शोधतो. ह्या आठवड्यात त्याला सात सापडले. करवंदाच्या दोन रोपांना नवी पालवी आहे, एक वाळले आहे, त्याच्या जागी दुसरे आणायचे आहे.